तालवाद्यांचे समकरण

तालवाद्यांचे समकरण (प्रचलित नाव: इक्वलायझेशन किंवा ‘ईक्यू’) ही ध्वनिमुद्रण व ध्वनिमिश्रण यांतील एक प्रक्रिया आहे. गायन, हार्मोनियम, की-बोर्ड इत्यादींच्या ध्वनीत तबला, ढोलकी, मृदंग, खंजिरी यांचे आघात स्पष्ट ऐकू यावेत, यासाठी ध्वनीतील निरनिराळ्या वारंवारतांची पातळी स्वतंत्रपणे कमी-अधिक केली जाते. आवाज वाढविणे आणि समकरण करणे यांत मूलभूत फरक आहे. पहिल्यात संपूर्ण ध्वनी मोठा होतो. दुसऱ्यात त्याचा निवडक भागच बदलतो.

इतिहास

लांब पल्ल्याच्या दूरध्वनी तारांतून जाताना आवाजातील उच्च वारंवारता अधिक क्षीण होत. हे नुकसान भरून काढून सर्व वारंवारता पुन्हा सम पातळीवर आणणाऱ्या मंडलांवरून ‘इक्वलायझर’ हे नाव रूढ झाले. पीटर बॅक्संडॉल यांनी १९५२ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेले मंडल पुढे घरोघरच्या ॲम्प्लिफायरमधील ‘बास’ व ‘ट्रेबल’ या दोन खुंट्यांच्या रूपाने पोहोचले. जॉर्ज मॅसनबर्ग यांनी १९७२ मध्ये पॅरामेट्रिक समकरणाची मांडणी केली. त्यात मध्यवर्ती वारंवारता, पट्ट्याची रुंदी आणि वाढ-घट या तिन्ही गोष्टी स्वतंत्रपणे ठरविता येतात. आज हीच सोय भ्रमणध्वनीवरील साध्या उपयोजनांतही मिळते.

आच्छादन

एक ध्वनी दुसऱ्या ध्वनीमुळे ऐकू येईनासा होणे, यास आच्छादन म्हणतात. दोन्ही ध्वनी जवळच्या वारंवारतांचे असल्यास ते तीव्र होते. शिवाय खालच्या वारंवारतेचा मोठा ध्वनी वरच्या वारंवारतांना झाकतो, उलट परिणाम मात्र कमी होतो. भजनाच्या मुद्रणात डग्ग्याचा ‘घे’ हरवतो, तेव्हा बहुधा डग्ग्याचा आवाज कमी नसतो. की-बोर्डचा खर्ज आणि हार्मोनियमच्या खालच्या पट्ट्या त्याच जागेवर बसलेल्या असतात. म्हणून अनुभवी ध्वनिमिश्रक वाद्य वाढविण्याआधी त्याच्या वाटेतील इतर ध्वनी घटवितात.

वाद्यांनुसार स्वरूप

चंद्रशेखर व्यंकट रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की, पुडीवरील शाईमुळे भारतीय तालवाद्यांचे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटींच्या जवळ येतात. साध्या कातडी पडद्याचे उपस्वर असे जुळत नाहीत. तबल्याला निश्चित ‘सूर’ असतो तो यामुळेच, आणि समकरणातही त्याचा विचार करावा लागतो. काळी एकमध्ये लावलेल्या तबल्याचा स्वर सुमारे २७७ हर्ट्झ असेल, तर ५५४ व ८३१ हर्ट्झच्या आसपास त्याचे उपस्वर येतात. यांपैकी एकावर अरुंद पट्टा नेमून तो जास्त उचलल्यास तबला खुलत नाही, किणकिणतो. बोलांची धार (‘ना’, ‘तिरकिट’) साधारणतः २,००० ते ५,००० हर्ट्झमध्ये उमटते. डग्ग्याचा भरीवपणा १०० हर्ट्झच्या आसपास असतो.

हलगी (विदर्भात डफडे) हिला शाई नसते; तिचा आघात कोरडा व टोकदार असतो आणि तिला वाढविण्याची गरज क्वचितच पडते. संत तुकडोजी महाराजांमुळे विदर्भात घरोघरी पोहोचलेल्या खंजिरीला पुडीचा ठोका आणि झांजांची किणकिण असे दोन आवाज असतात. झांजा वाढल्या की गायकाचे ‘स’, ‘श’ हे वर्ण दुखरे वाटू लागतात. टाळांचेही तसेच. मृदंग ऐकू यावा म्हणून वरचा पट्टा उचलला जातो आणि प्रत्यक्षात टाळच पुढे येतात, ही दिंडीच्या मुद्रणांतील नेहमीची अडचण आहे.

वाशिम जिल्ह्यातील पोहरादेवी (मानोरा तालुका) हे बंजारा समाजाचे तीर्थक्षेत्र असून तेथे रामनवमीला यात्रा भरते. नंगारा या मोठ्या तालवाद्याचे स्थान समाजात इतके मानाचे आहे की, ५ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या तेथील बंजारा विरासत संग्रहालयाची वास्तूच नंगाऱ्याच्या आकाराची आहे. नंगाऱ्याच्या ध्वनीत खर्ज विपुल असतो, परंतु टिपरीचा प्रत्यक्ष ठोका त्यामानाने दबलेला राहतो. मुद्रणात खर्ज आणखी वाढविल्यास केवळ घुमारा उरतो. २०० ते ४०० हर्ट्झमधील गढूळपणा थोडा कमी करून वरचा ठोका हलका उचलणे हे अधिक उपयुक्त ठरते.

कार्यपद्धती

वाद्य आधी सुरात लावलेले असावे. उतरलेली पुडी समकरणाने चढत नाही. ढोलकीच्या दोन्ही तोंडांशी दोन मायक्रोफोन लावल्यास त्यांचे संकेत परस्परविरुद्ध येऊन खर्ज नाहीसा होऊ शकतो. अशा वेळी एका मायक्रोफोनची ध्रुवता उलटविणे हाच उपाय असतो.

त्यानंतर गायकाच्या मायक्रोफोनमधील सुमारे ८० ते १०० हर्ट्झखालील अनावश्यक भाग छाटला जातो. तेथे गाणे नसते. हात लागल्याचा खडखडाट आणि वाऱ्याचा आवाज असतो. पुढे हार्मोनियममधील जिथे तबला बसतो तो भाग दोन-तीन डेसिबलने खाली घेतला जातो. एवढे झाल्यावर तालवाद्याला मुळात फारशी वाढ लागत नाही. घट करताना पट्टा अरुंद व वाढ करताना रुंद ठेवण्याचा प्रघात आहे. निर्णय सर्व वाद्ये एकत्र वाजत असतानाच घ्यावा लागतो, कारण एकटा ऐकताना सुरेख वाटणारा तबला समूहात हरवू शकतो. तुलना करताना दोन्ही वेळचा आवाज सारखा असावा. मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला भासतो.

भोंगे आणि ध्वनिमर्यादा

गावोगावच्या कार्यक्रमांत वापरले जाणारे भोंगे सुमारे ३०० हर्ट्झच्या खालचा ध्वनी फारच क्षीणपणे देतात. तेथे डग्ग्यासाठी बास वाढविल्याने ॲम्प्लिफायरवर ताण येतो, डग्गा मात्र ऐकू येत नाही. त्याऐवजी त्याचे वरचे उपस्वर उचलल्यास कान मूळ खर्जाची कल्पना स्वतः करून घेतो. भ्रमणध्वनीच्या लहान ध्वनिक्षेपकालाही हेच लागू पडते.

ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रातील मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत खुल्या जागी ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सण-उत्सवांसाठी राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. ताल ऐकू येत नाही म्हणून एकूण आवाज वाढविणारे मंडळ ही मर्यादा सहज ओलांडते. वाटेतील ध्वनी घटवून केलेल्या मिश्रणात तीच ढोलकी कमी आवाजातही मैदानाच्या टोकाला उभ्या श्रोत्यापर्यंत स्पष्ट पोहोचू शकते.