‘किंचित अधिक’ : जैन गणितातील दोन शब्द

जंबूद्वीपाचा व्यास एक लक्ष योजने. मग त्याचा परिघ किती? ‘जंबूद्वीपप्रज्ञप्ती’ या आगमात त्याचे उत्तर दिले आहे : 3,16,227 योजने, 3 गव्यूती, 128 धनुष्ये, साडेतेरा अंगुळे आणि किंचित अधिक. हे आकडे आपण श्रद्धेने ऐकतो. परंतु अखेरच्या दोन शब्दांकडे सहसा आपले लक्ष जात नाही. गणिताच्या दृष्टीने मात्र खरे मर्म त्या शब्दांतच आहे.

व्यासाच्या वर्गाला 10 ने गुणून वर्गमूळ काढावे, म्हणजे परिघ मिळतो, अशी प्राचीन जैन गणिताची रीत होती. 10 चे वर्गमूळ निःशेष निघत नाही. म्हणून योजनांनंतर गव्यूती, पुढे धनुष्ये, पुढे अंगुळे असे सूक्ष्म माप घेत गेले, तरी शेष उरलाच.

दोन पूर्णांकांच्या भागाकाराने जी लिहिता येते ती परिमेय संख्या. तिचा दशांश एक तर संपतो, नाही तर तोच अंकसमूह पुनःपुन्हा येतो. 22/7 मध्ये 142857 हा समूह असाच अखंड फिरत राहतो. जी अशी लिहिताच येत नाही ती अपरिमेय.

10 चे वर्गमूळ अपरिमेय कसे? ते अपूर्णांकाने लिहिता येते असे क्षणभर मानू. मग अंशाचा वर्ग हा छेदाच्या वर्गाच्या दहापट असला पाहिजे. पूर्णांकाच्या वर्गाअखेर शून्ये असलीच, तर ती समसंख्येनेच असतात. 30 चा वर्ग 900, 400 चा 1,60,000. छेदाच्या वर्गाला 10 ने गुणताच एक शून्य वाढून त्यांची संख्या विषम होते. सम आणि विषम एक होणे अशक्य. म्हणून असा अपूर्णांकच नाही.

आजच्या गणिताप्रमाणे एक लक्ष व्यासाचा परिघ सुमारे 3,14,159 येतो. म्हणजे जुनी रीत सुमारे 2,068 योजने अधिक देते. ई.स. 816 च्या सुमारास पूर्ण झालेल्या ‘धवला’ टीकेत आचार्य वीरसेनांनी दिलेल्या सूत्रात 355/113 हे अधिक सूक्ष्म गुणोत्तर दडलेले आहे. तेही परिमेयच. परिघ व व्यास यांचे गुणोत्तर स्वतः अपरिमेय आहे, हे युरोपात लँबर्ट यांनी 1761 मध्ये सिद्ध केले.

अपरिमेयतेची सिद्धता आपल्या आचार्यांनी दिली होती, असा दावा करण्याचे कारण नाही. पूर्वजांचा गौरव करताना त्यांच्या पदरी नसलेले श्रेय बांधणे हे सत्यव्रताला धरून होणार नाही. त्यांचे खरे मोठेपण निराळेच आहे. जेथे हिशेब निःशेष झाला नाही, तेथे तो झाला असे त्यांनी भासविले नाही. ‘किंचित अधिक’ असे स्पष्ट नोंदवून ठेवले. नव्या पिढीला जंबूद्वीपाचे आकडे सांगताना हे दोन शब्दही आपण आवर्जून सांगावेत.