लोज्बान भाषेतील जोडशब्द आणि त्यांच्या अर्थाचा प्रश्न

देवघर, काचघर, पाळणाघर हे तीन शब्द पाहा. देवघर देवांसाठी असते, काचघर काचेचे असते आणि पाळणाघरात पाळण्यांपेक्षा मुलेच जास्त सापडतात. विग्रह दर वेळी वेगळा, आणि तो आपल्याला वापरातून कळतो. पण जी भाषा मुद्दाम घडवली आहे, तिने हे कसे ठरवायचे?

1955 मध्ये अमेरिकेत जेम्स कुक ब्राउन यांनी ‘लॉगलान’ ही तर्कावर आधारलेली भाषा रचायला घेतली. भाषा विचारांना वळण लावते का, हे त्यांना तपासायचे होते. पुढे त्यांनी शब्दसंग्रहावर हक्क सांगितला. तेव्हा 1987 मध्ये स्थापन झालेल्या लॉजिकल लँग्वेज ग्रुपने मूळ शब्द नव्याने घडवले. चिनी, इंग्रजी, हिंदी, स्पॅनिश, रशियन व अरबी शब्दांतील ध्वनी भाषकसंख्येनुसार भार देऊन एकत्र केले गेले. पाच रोमन अक्षरांच्या या धातुसदृश शब्दांना ‘गिस्मु’ म्हणतात. ते 1,300 हून अधिक आहेत.

तेवढ्यावर भागणे शक्य नव्हते. म्हणून गिस्मूंना जोडणीसाठी ‘राफ्सि’ ही आखूड रूपे दिली. लोग्जि (तर्क) आणि बांगु (भाषा) यांपासून लोज्बान हे नावच तसे बनले. गेर्कु म्हणजे कुत्रा, झ्दानि म्हणजे घर. दोन्ही नुसते शेजारी ठेवले तर अर्थ सैल राहतो: कुत्र्याचे घर किंवा कुत्र्याच्या आकाराचेही. राफ्सि जोडून झालेला ‘गेर्झ्दा’ मात्र ‘लुज्वो’, म्हणजे एकाच अर्थाचा जोडशब्द. अनेक संभाव्य रूपांतून एक निवडायला गुणांकनाचे सूत्रही आहे; त्याचा प्रोग्रॅम तुम्ही एका दुपारी लिहू शकाल.

अर्थाचे काम इतके सोपे नाही. लोज्बानचा शब्द गणितातल्या फलासारखा असतो, त्याला ठरलेली स्थाने असतात. झ्दानिची दोन: घर आणि त्यात राहणारा. गेर्कुची दोन: कुत्रा आणि त्याची जात. राहणारा तोच कुत्रा, म्हणून गेर्झ्दाची चार नव्हे, तीन स्थाने उरतात. जॉन कोवन यांच्या ‘द कंप्लीट लोज्बान लँग्वेज’ (1997) या ग्रंथात या हिशेबाला स्वतंत्र प्रकरण आहे. समास शिकलेल्यांनी ते जरूर वाचावे. ‘बाल्सोइ’ म्हणजे थोर सैनिक: जो थोर तोच सैनिक, आपल्या कर्मधारयासारखा. गेर्झ्दा तत्पुरुषाच्या जवळचा.

मात्र हे संकेत आहेत, सक्ती नाही. नियमाने चालले तर अनोळखी शब्दही वाचकाला उलगडतो. पण कधी नियमाने आलेले स्थान निरुपयोगी असते आणि हवे ते सुटते. अशा वेळी निर्णय कोणाचा? समूहाचे धोरण वापरावर सोडण्याचे राहिले, आणि पुढे सामाईक शब्दकोशात शब्दांच्या व्याख्यांवर मते नोंदवण्याची सोय झाली. मला हे सुसंगत वाटते. शब्दांच्या मालकीला नकार देऊन जन्मलेली भाषा अर्थाची मालकी तरी कोणाला देणार? त्याची किंमतही आहे: एकाच कल्पनेसाठी दोन-तीन लुज्वो शेजारी नांदतात, आणि नवशिक्याला ते सगळेच ओळखावे लागतात.