काला अंब आणि एक लहानसा आकडा

पानिपतजवळच्या काला अंब येथील स्मारकस्तंभापाशी उभे राहिले की १४ जानेवारी १७६१ रोजी गर्जलेल्या इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आठवतात. तोफेची दारू म्हणजे सोरा, गंधक व कोळसा यांचे मिश्रण. तिच्यावरील टिपण संगणकावर उतरवीत असता सोऱ्याच्या सूत्रापाशी माझा हात अडला. ‘केएनओ’ या अक्षरांपुढे ३ हा आकडा ओळीखाली बसवावयाचा होता.

त्या गारद्यांना सोरा ठाऊक होता, सूत्र नव्हे. बर्झेलियसने १८१४ च्या सुमारास अक्षरचिन्हे मांडली, तेव्हा तो आकडा वर लिहीत असे. लीबिगने १८३४ मध्ये तो खाली आणला. टंकलेखक यंत्राचा रूळ किंचित फिरवून तो उमटवीत. आता दोन कळा पुरतात. तथापि देवनागरी आकड्यास युनिकोडमध्ये असे स्वतंत्र खालचे चिन्ह नाही. मजकूर साधा करून अन्यत्र नेला की ३ पुन्हा ओळीत येऊन बसतो. एवढे चालेलही, पण ३ च्या जागी २ पडला तर नायट्रेटचे नायट्राइट होते, आणि यंत्र तेही निमूटपणे छापते.

मसुदे तपासण्यात ज्यांचे आयुष्य जाते, त्या आपणां नोकरदारांस याहून अधिक सांगणे नलगे.