नाणेघाटाची वाट

चाळीस वर्षांपूर्वीं मी व माझा एक स्नेही भाड्याचीं दोन तट्टें घेऊन मुरबाडकडून नाणेघाटास निघालों. वैशाखऱ्यापुढें रान दाट झालें, चढ उभा झाला. कातळांतील पायऱ्या लागतांच स्नेही म्हणाला, "गड्या, आतां उतर." लगाम हातीं धरून आम्ही एकामागें एक चढलों. पुढील तट्टाचा खूर घसरला कीं मागच्यानें हांक द्यावी, असा क्रम होता. स्वारीची घमेंड तेथेंच जिरली.

घाटमाथ्याजवळ सातवाहनकालीन लेणें आहे. नागनिका राणीचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्यांतील लेखांत दोन अश्वमेधांची आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, हत्ती, घोडे यांची गणना आहे. जुन्नरचा माल याच वाटेनें कल्याण बंदरास उतरे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथांतही कल्याणचें नांव आढळतें. माथ्यावरील दगडी रांजण जकातीचा, अशी लोकांची समजूत आहे. पुढें 1863 सालीं बोरघाटांतून व 1865 सालीं थळघाटांतून आगगाडी वर चढली आणि देशावरचा माल रुळांवरून जाऊं लागला.

यज्ञाच्या घोड्याची नोंद भिंतीवर राहिली. परंतु पाठीवर गोणी वाहून ज्यांनीं या पायऱ्या झिजविल्या, त्या बैलांची, तट्टांची आणि त्यांना हांकणाऱ्या माणसांची नोंद कोणींच केली नाहीं. त्यांचा इतिहास त्या झिजेंतच वाचावा लागतो. आणि तो वाचावयाचा, तर घोड्यावरून खालीं उतरावें लागतें.