ग्लॉस्टर
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या मॅसॅचूसेट्स राज्यातील मासेमारीचे ऐतिहासिक बंदर व कलाकेंद्र. लोकसंख्या २९,७२९ (२०२०). हे बॉस्टनच्या ईशान्येस सु. ५० किमी. केप ॲन या खडकाळ भूशिरावर वसले आहे.

डॉर्चेस्टर कंपनीने १६२३ मध्ये येथे मासेमारीचे ठाणे वसविले. परंतु ते तीन वर्षांतच मोडले. पुढे पुन्हा वसाहत होऊन १६४२ मध्ये नगराची व १८७३ मध्ये शहराची रीतसर स्थापना झाली. एकोणिसाव्या शतकात येथील स्कूनर जातीची शिडाची जहाजे कॉड माशांसाठी दूरच्या उथळ सागरी क्षेत्रांवर जात. तेथे खलाशी लहान होड्यांतून गळ टाकीत. धुक्यात वा वादळात जहाजाशी चुकामूक झाल्यास त्यांचा अंत ओढवे. १८७९ या एकाच वर्षी २४९ जण समुद्रात बुडाले. अशा पाच हजारांहून अधिक मृतांची नावे किनाऱ्यावरील स्मारकात कोरलेली असून तेथील सुकाणूधारी खलाशाचा पुतळा (१९२५) लेनर्ड क्रास्क या शिल्पकाराचा आहे. पोर्तुगीज व सिसिलियन मच्छीमारही येथे स्थायिक झाले. सिसिलियनांनी रूढ केलेला सेंट पीटरचा उत्सव दरवर्षी जूनअखेरीस होतो.

ज्या समुद्राने हे बळी घेतले, त्याच्याच प्रकाशाने चित्रकारांना आकृष्ट केले. फिट्झ हेन्री लेन (१८०४–६५) हा येथील भूमिपुत्र. त्याने बंदरातील नीरव पाणी व जहाजे चित्रित केली. त्याच्या कृतींचा सर्वांत मोठा संग्रह केप ॲन संग्रहालयात आहे. विन्स्लो होमर १८७३ व १८८० मध्ये येथे राहिला. एडवर्ड हॉपरने मात्र समुद्राऐवजी येथील घरे रंगविली. त्याचे ‘द मॅन्सर्ड रूफ’ (१९२३) हे जलरंगचित्र ब्रुक्लिन संग्रहालयाने विकत घेतले. रॉकी नेक ही देशातील सर्वांत जुन्या कलावसाहतींपैकी एक होय. कवी चार्ल्स ओल्सन (१९१०–७०) याने हे शहर आपल्या दीर्घकाव्याचा विषय केले आणि जुन्या वास्तू पाडण्यास वृत्तपत्रातील पत्रांतून विरोध केला.

१९७६ च्या कायद्याने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांच्या पट्ट्यातील मासेमारीवर अमेरिकेचे नियंत्रण आले व परकीय जहाजांना आळा बसला. तथापि स्थानिक ताफा वाढल्याने अतिमासेमारी चालूच राहिली. कॉडची संख्या घटून १९९४ मध्ये जॉर्जेस बँकचा मोठा भाग मासेमारीस बंद करावा लागला. त्यामुळे अनेक कुटुंबांचा वंशपरंपरागत व्यवसाय संपुष्टात आला. मासेमारी आता मर्यादित प्रमाणात चालते. पर्यटकांना रॉकी नेकच्या चित्रशाळा व मासळीचे धक्के एकाच बंदरात पाहावयास मिळतात.