चादरीवरचं आपलं तोंड



चौदा एप्रिलची मिरवणूक आमच्या चंदनसारच्या पोरांनी मोबाईलवर शूट केली. दुसऱ्या रात्री भिंतीला चादर बांधून ती सगळ्यांना दाखवली. मी मागे उभा राहून पडद्यापेक्षा माणसांकडेच जास्त बघत होतो. जो तो आपलंच तोंड शोधत होता. आपण दिसलो की शिट्टी, आपण सरकलो की लक्ष संपलं. एका बाईंचं भाषण लागलं तेव्हा निम्मे लोक उठून गेले. मीही माझी घोषणा येईपर्यंतच थांबलो, हे कबूल करतो. तेव्हापासून डोक्यात एकच. पडदा माणसाला जागं करतो की स्वतःतच गुंगवतो?

प्रश्न जुना आहे. आमच्या शेजारी सोपाऱ्याचा स्तूप. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तो उकरला. आतल्या दगडी पेटीत बुद्धांच्या आठ लहान मूर्ती निघाल्या. शेकडो वर्षं त्या अंधारात होत्या, बघणारं कुणी नाही. १९७४ साली न्यूयॉर्कला नाम जून पाइक या कोरियन कलावंताने उलटं केलं. बुद्धाची मूर्ती टीव्हीपुढे बसवली आणि कॅमेरा मूर्तीवर रोखला. बुद्ध टीव्ही बघतोय, टीव्हीत बुद्धच. याला व्हिडिओ कला म्हणतात. कुणाला त्यात ध्यान दिसलं, कुणाला आरशाचं वेड. १९७६ साली रोझलिंड क्राऊस या बाईंनी लिहिलं की या कलेत माणूस कॅमेरा आणि पडदा यांच्यामध्ये स्वतःतच अडकतो.

पण ही दुखणी घरात आरसा असलेल्यांची. आपल्याला आरसाच कुठे होता? ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला तो त्यासाठी. वाचता न येणाऱ्यांपर्यंत भीमराव कर्डकांसारख्यांचे जलसे पोचले. त्यात समोर बसलेल्यांचंच जगणं उभं राहायचं. अंधश्रद्धा, दारू, पोरांची शाळा. बघणारा हसायचा, मग वरमायचा. तिथेच बसून राहण्याची सोय नव्हती.

पुढे कॅमेरा आला, आणि तो आपल्या हातात नव्हता. ११ जुलै १९९७. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलिसांच्या गोळ्यांनी दहा माणसं मेली. सरकारी बाजू म्हणाली, जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता. पुरावा म्हणून चित्रफीत पुढे केली. टीव्हीवर बघणाऱ्या कित्येकांना ते खरंही वाटलं असेल. पुढे गुंडेवार आयोगाने गोळीबार चुकीचा ठरवला.

१५ जुलैला शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या घरात गळफास घेतला. डोक्याला निळं फडकं बांधलेलं होतं. आनंद पटवर्धनांच्या १९८५ च्या 'हमारा शहर'मध्ये ते गायले होते. पटवर्धनांनी पुन्हा कॅमेरा उचलला. १४ वर्षं शूटिंग चाललं आणि २०११ साली 'जय भीम कॉम्रेड' पुरा झाला. त्यात सरकारी चित्रफीतही पुन्हा तपासली आहे. टँकर कुठे होता, माणसं कुठे पडली, कधी काय घडलं. जानेवारी २०१२ मध्ये भायखळ्याच्या बी.आय.टी. चाळीत तो वस्तीपुढे दाखवला. पडद्यावर मेलेला शाहीर गात होता आणि खाली बसलेली माणसं त्याचीच होती. असं बघताना शिट्टी कशी निघणार?

आता कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. आपण आपल्यालाच बघतो, स्टेटसला टाकतो, किती जणांनी बघितलं ते मोजतो. पण घाटकोपरच्या फितीला जे प्रश्न विचारले, ते आपल्या फितीला विचारतो का? कोण दिसलं, कोण सुटलं? मिरवणुकीत पाणी वाटणाऱ्या आयाबाया आमच्या शूटिंगमध्ये एकदाही नाहीत. हे मला चार दिवसांनी कळलं, तेही आईने विचारलं म्हणून.

पुढच्या खेपेला चादर बांधू तेव्हा मध्येच फीत थांबवू, दिवा लावू. भाषण केलेल्या बाईंना पुढे बोलावू. मग कोण उठून जातंय ते बघू. मी बसणार आहे.

जय भीम.