भिवपुरीचं पाणी आणि वर फेकलेला चेंडू

उन्हाळ्यात मोहोन्याजवळ उल्हास नदीत जे पाणी दिसतं, त्यातलं बरंचसं मुळात या नदीचं नाहीच. ते आंध्रा नदीचं. ही मावळातली नदी इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला, आणि तिचं पाणी शेवटी बंगालच्या उपसागराकडे जातं. टाटांच्या कंपनीने ठोकळवाडीला धरण बांधून ते अडवलं, सह्याद्रीच्या कड्यावरून पाइपांतून खाली भिवपुरीला आणलं आणि 1922 पासून त्यावर वीज तयार होऊ लागली. चाकं फिरवून झाली की पाणी उल्हासमध्ये सोडलं जातं आणि कर्जत, बदलापूर करत आपल्या आंबिवलीकडे येतं.

हे आठवायचं कारण दहावीतल्या भाचीचा गृहपाठ. चेंडू सेकंदाला 20 मीटर वेगाने सरळ वर फेकला, तो किती उंच जाईल? आणि अर्ध्या उंचीवर त्याचा वेग किती? तिने आधी वेळ काढला, मग वेळेवरून उंची, मग अर्ध्या उंचीसाठी वर्गसमीकरण, आणि तिथे अडकली. "मामू, वेग अर्धा म्हणजे 10 लिहू का?" म्हणाली.

नाही. इथे वेळेची गरजच नाही. हवेचा विरोध सोडून दिला, तर चेंडूची गतिज आणि स्थितिज ऊर्जा मिळून बेरीज कायम राहते. खाली सगळी गतिज, माथ्यावर सगळी स्थितिज. वस्तुमान दोन्हीकडे असल्याने ते कटतं. वेगाचा वर्ग 400. गुरुत्व त्वरण 10 धरलं तर त्याची दुप्पट 20. भागाकार केला की उंची 20 मीटर. अर्ध्या उंचीवर ऊर्जा अर्धी उरते, म्हणजे वेगाचा वर्ग 200, आणि वेग सुमारे 14. निम्मी वाट संपली तरी वेग निम्मा होत नाही, कारण हिशेब वेगाचा नसून वेगाच्या वर्गाचा आहे.

हा वर्ग सहजासहजी मिळालेला नाही. देकार्तचं म्हणणं होतं की गतीचं मोजमाप म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. 1686 मध्ये लायब्नित्सने त्याला साध्या उदाहरणाने अडवलं. एक शेर वजन चार हात उचला, किंवा चार शेर वजन एक हात उचला. कष्ट सारखेच. हे देकार्तच्या अनुयायांनाही मान्य होतं. आता दोन्ही खाली पडू द्या. गॅलिलिओच्या नियमानुसार पहिल्याचा वेग दुसऱ्याच्या दुप्पट येतो. देकार्तच्या मापाने एकाचे दोन, दुसऱ्याचे चार. समान येत नाहीत. वेगाचा वर्ग घ्या, दोन्हीकडे चार. पुढे हॉलंडच्या स्ग्राव्हेसांदने पितळी गोळे मऊ मातीवर टाकून पाहिले. वेग दुप्पट झाला की खड्डा चौपट. एमिली द्यु शातले या फ्रेंच विदुषीने 1740 च्या आपल्या ग्रंथात हा पुरावा ठामपणे मांडला. सूत्रातला 'एक द्वितीयांश' तर 1829 मध्ये कोरिओलिसने रूढ केला. शाळेत आपण तो मिनिटभरात पाठ करतो.

आपल्याकडे अशा विषयात कुणीतरी हटकून म्हणतो, हे सगळं आपल्या लोकांनी आधीच शोधलं होतं. बाराव्या शतकात बगदादच्या अबुल बरकातने पडणाऱ्या वस्तूचा वेग का वाढत जातो, याचं उत्तर खरोखरच चांगलं दिलं होतं: वजन प्रत्येक क्षणी नवा जोर घालत राहतं. हे मोठंच काम. पण ऊर्जेचा नियम त्याच्या नावावर चढवला तर त्याने काय केलं तेही झाकलं जातं. तो नियम पूर्ण आकाराला आला 1840 नंतर, मायर, जूल आणि हेल्महोल्ट्झ यांच्या हातून.

भाचीला शेवटी भिवपुरीचंच गणित घातलं. सोयीसाठी उंची 500 मीटर धरली. खरी त्याहून थोडी जास्तच आहे. पाइप सरळ खाली येत नाही, डोंगराच्या उतारावरून वाकत येतो. एकसारख्या त्वरणाची समीकरणं इथे लावताच येत नाहीत. ऊर्जेला मात्र वाट कशी होती याची फिकीर नसते. घर्षण सोडलं तर तोटीतून सुटणाऱ्या पाण्याचा वेग सेकंदाला 99 मीटर, म्हणजे तासाला सुमारे 356 किलोमीटर! हजार लिटर पाण्यामागे वीज किती? फार तर 1.36 युनिट. "एवढीच?" ती म्हणाली. एवढीच. म्हणून तर एवढं मोठं धरण लागतं.

आणि धरणाला जमीन लागते. टाटांच्याच मुळशीच्या धरणाविरुद्ध 1921 मध्ये मावळे शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यात होते, तुरुंगात गेले. 1924 पर्यंत लढा चालला. त्या शेतकऱ्यांची भातखाचरं पाण्याखाली गेली आणि 1927 मध्ये भिऱ्याचं वीजकेंद्र सुरू झालं. गणितात आपण ज्याला उंची म्हणतो, ती भिऱ्याला अशी मिळाली.